साजिदा फुकट बसत नव्हती

प्रिय हनिया,

कागदावरचं पत्र बघून तुला वाटेल, मावशीचा फोन बिघडला. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तू 'हाय आंटी, इन क्लास' एवढं लिहून पळतेस, आणि क्लासला तू गेले दोन महिने जात नाहीस हे मला कळलंय. म्हणून शशिकांत पुण्याला येतोय त्याच्या हातीच हे देतेय. तुझं वाचून होईपर्यंत तो समोर बसून राहील आणि मधूनमधून चहा विचारील. त्याच्याकडे दुर्लक्ष कर, मी सव्वीस वर्षं करतेय. शाळेत हिंदीच्या तासाला शिकलेली अक्षरं कामी येऊ देत. उत्तर इंग्रजीत दिलंस तरी चालेल.

इकडची खबर अशी. शाळेत नर्सरीला नवी मदतनीस आली. मुलगी चांगली आहे, पण मुलांची नाकं पुसताना तोंड असं करते की जणू शाळेने तिच्यावर अन्याय केलाय. तुझी अम्मी नाक पुसायची, वर त्या कार्ट्याला विचारायची, आता श्वास घेऊन बघ, कसा वाटतो? परवा केजीतल्या एका पोराने मला गणिताच्या वर्गात येऊन विचारलं, साजिदा मिस कधी येणार? मी म्हटलं, जा, तुझ्या वर्गात जा. पोरं मला घाबरतात ते त्या दिवशी बरं पडलं.

गाडी नवी घेतली. जुनीचं काय झालं ते मी विचारलं नाही. नव्या गाडीत शेजारच्या सीटवर मी पर्स, वह्या, पाण्याची बाटली असं सगळं पसरून ठेवते. बिन ओमरानमधून शाळेत येणाऱ्या दोघीतिघी आहेत, त्यांनी आडून आडून विचारलं. मी सांगितलं, मी फार वाईट गाडी चालवते.

तुला आमचं कसं सुरू झालं ते माहीत नसेल. अम्मीची शाळेची बस चुकली होती, मी सिग्नलला बघितलं आणि घेतलं. आठवडाभर घेतलं. मग ती म्हणाली, ताय, महिन्याचं काय ते सांग. इथे अर्धं दोहा कारलिफ्टवर चालतं, महिन्याचे पैसे ठरवून दुसऱ्याच्या गाडीतून जायचं, तशी तिची समजूत झाली. मी चिडले. म्हटलं, मी काय टॅक्सी काढलीय का? ती शांतपणे म्हणाली, बरं, मग मी उद्यापासून बसने जाते. आणि गेली! दोन दिवस माझ्या गाडीपुढून बसमधून मला हात करत गेली. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गाडीशी उभी. सांदणं होती. तो डबा मी घेतला तेव्हा ती दार उघडून बसली. मग कधी बांगड्याचं सुकं, कधी तांदळाच्या भाकऱ्या. डबा रिकामा द्यायची मला सवय नाही, म्हणून परत जाताना त्यात शेंगदाण्याची चटणी, भरीत, थालीपीठ. शशिकांत म्हणायचा, तुम्ही दोघी शाळेत नोकरी करता की खानावळ चालवता?

अपघाताबद्दल मी लिहिणार नाही. तू हॉस्पिटलात तीन आठवडे, ती जाईपर्यंत, तिच्या उशाशी होतीस, तुला मी काय सांगू. उम्म सलालच्या सिग्नलला आमचा हिरवा होता, त्या पिकअपचा लाल होता, हे पोलिसांनीही लिहिलंय. त्या पिकअपचा विमा म्हणजे लहान मुलाची चादर, डोकं झाकलं की पाय उघडे. त्याच्याच गाडीत मागे बसलेले दोघे जायबंदी झाले, त्या चादरीत तेही आले. आपल्या वाट्याला जे आलं त्यात हॉस्पिटलचंसुद्धा धड भागलं नाही.

तेव्हा शशिकांतला आठवलं की आपल्या पॉलिसीत एक जादाचं कलम आहे. एजंटला नाही म्हणायचं धाडस नसल्यामुळे त्याने ते घेतलं होतं. समोरच्याचा विमा तोकडा पडला, तर आपल्या गाडीतल्या माणसांचं उरलेलं आपली कंपनी भरणार. फक्त एक अट, गाडी भाड्याने माणसं नेत नसावी. आम्ही दोघं इतके खूश झालो, की मला त्याची आता लाज वाटते. मी तुझ्या अब्बांना सांगितलं, इलियासभाई, हनियाचं कॉलेज सुटणार नाही.

कंपनीचा माणूस चौकशीला तुमच्या घरी आला तेव्हा मीही होते. माझ्या मानेचा पट्टा अजून निघाला नव्हता. अब्बांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली. तो माणूस वाईट नव्हता, पण पोटावर फाइल ठेवून बिस्किट बुडवत त्याने विचारलं, तो आपकी मिसेस रोज इनकी गाडी में फ्री जाती थीं? 'फ्री' म्हणताना तो किंचित हसला. आणि तुझे अब्बा, जे एशियन टाउनच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचं काय काय ऐकून घेतात आणि वर शुक्रन म्हणतात, ते ताठ बसले. म्हणाले, मेरी बीवी मुफ्त में कभी नहीं बैठी, साब. हर बार कुछ दे के बैठी.

त्या माणसाने बिस्किट खाली ठेवलं आणि लिहून घेतलं.

पुढचं तुला माहीत आहे. मोबदला घेऊन प्रवासी नेला, सबब दावा नामंजूर. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन जेवढं भांडता येईल तेवढं भांडले. म्हटलं, सांदण हे भाडं असेल, तर मी डब्यातून परत दिलेलं थालीपीठ काय होतं? मी माझ्याच गाडीत तिकीट काढून बसत होते का? तिथला साहेब हसला, मला खजूर दिला आणि म्हणाला, मॅडम, नवऱ्याने लिहून द्यावं की बायको मोफत प्रवास करायची, आम्ही फाइल पुन्हा उघडू. एवढी एक ओळ. अब्बांनी ती दिली नाही. मी समजावलं, शशिकांतने समजावलं. ते मान खाली घालून बसायचे आणि म्हणायचे, ताई, ते सोडून दुसरं काय पन सांगा.

मग खेडच्या मामूने तुला कळवलं की अब्बांनी एका वाक्यात सगळं घालवलं. तू त्यांचे फोन घेणं बंद केलंस. तुझा राग मला कळतो. मीही त्यांच्यावर रागावले होते, आणि माझा राग कसा असतो ते आख्खी स्टाफरूम जाणते.

पण मामूच्या घरचं एक तुला कोणी सांगितलं नसेल, कारण तेव्हा तू रांगत होतीस. अब्बांची पहिली नोकरी गेली तेव्हा तुम्ही तिघं वर्षभर त्या घरात होता. एकदा जेवताना अब्बांनी भात पुन्हा घेतला. मामी सगळ्यांसमोर हसून म्हणाली, घ्या घ्या, हितं काय भाडं द्यायचंय? अब्बा ताटावरून उठले नाहीत, कारण उठून जायला दुसरं घर नव्हतं. तुझ्या अम्मीने त्याच आठवड्यात गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले. हे तिने मला गाडीत सांगितलं, ट्रॅफिक तुंबला होता तेव्हा, बाहेर बघत. म्हणाली, ताय, त्या दिवसापासून मी कुनाचं पानी पन फुकट पिले नाय. त्यांची मान खाली जाते.

कंपनीच्या त्या माणसाने 'फ्री' म्हटलं तेव्हा अब्बांना काय ऐकू आलं, ते मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त मनात त्यांना मूर्ख म्हटलं होतं.

काल जुम्म्यानंतर ते आमच्याकडे आले. सोफ्याच्या काठावर बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, ताई, मी सही करतो. फुकट बसायची असं लिवून देतो. पोरीचं कॉलेज सुटलं तर साजिदा वर मला काय बोलंल? रविवारच्या पुढच्या रविवारी त्यांना कंपनीत बोलावलंय. मग म्हणाले, तुमी माझ्या नावाने हनियाला एक माफीचं पत्र लिवा. तुमाला लिवता येतं. लिवा, अब्बा चुकला.

हे ते पत्र. मी ते लिहायला बसले आणि त्यात माफी घालायला माझा हात होईना. पैसे यावेत, तू दातांची डॉक्टर व्हावंस आणि माझी कवळी स्वस्तात करावीस, हे मलाही हवंय. भाडं मी कधी घेतलंच नाही, तेव्हा त्या कागदावर खोटं असं काही नसेल. पण तो कागद त्यांच्या कानाला तसा लागणार नाही. म्हणून त्याआधी त्यांना फोन कर. ते माफी मागायला लागतील, त्यांना मध्येच तोड. तोडणं तुला येतं, माझ्याचकडून शिकलीस. आणि सांग, अब्बा, सही करा, पण अम्मी कुणाकडे फुकट बसली नाही, हे मला माहीत आहे. हे वाक्य इंग्रजीत नको. एवढं ऐकून गेले, तर मान वर ठेवून सही करतील. काही न ऐकता गेले, तरी सही करतील, हनिया. मला भीती त्याचीच वाटते.

तुझीच, तुझ्या अम्मीची ताय आणि तुझी
मालविका मावशी