'पाठवला' लिहिलेला रिपोर्ट

सोम. १० नोव्हें.
शुक्रवारी आमच्या भोरच्या लॅबच्या प्रमुख कुलकर्णी मॅडमनी लॅबच्या मेलचा पासवर्ड बदलला. आज सकाळी नवा टाकला. मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, हाताने चालवून पाहिली, मेल गेला. आता ती नेहमीसारखी दर तासाला आपोआप मेलचं सॉफ्टवेअर उघडेल, तयार रिपोर्ट पाठवेल, नोंदीच्या शीटमध्ये 'पाठवला' लिहील. दीड वर्ष बिनतक्रार चाललंय.

दुपारी वेल्ह्याच्या दवाखान्याचे नमुने. त्यात सुरेखा, वय २३, सातवा महिना. प्लेटलेट्स फारच कमी; गरोदरपणात हे जिवावर बेतू शकतं. पुन्हा लावून पाहिलं, तेच. तिथल्या डॉक्टरांना तीनदा फोन. रेंज नाही. शीटमध्ये 'पाठवला' दिसलं. मग चौथ्यांदा नाही लावला.

बुध. १२
वेल्ह्याच्या डॉक्टरांचा फोन. "नसीम, सोमवारपासून तुमचा एकही रिपोर्ट नाही."
म्हटलं, "पाठवलेत सर. नोंद आहे."
"नोंद असेल. माझ्याकडे नाहीत."

फोन कानाला धरूनच एररची फाईल उघडली. लॉगिन नाकारलं. लॉगिन नाकारलं. पानभर तेच. एकोणतीस रिपोर्ट अडकलेले. आधी सुरेखाचा वाचून दाखवला. ते म्हणाले, "काल आली होती, डोकं दुखतंय म्हणून. मी घरी पाठवली. वाटलं, गंभीर असतं तर भोरहून कळवलं असतं."

सुरेखाचा मोबाईल बंद. त्यांनी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना तिच्या वाडीवर पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "चूक कुणाची ते नंतर. बाकीचे रिपोर्ट फोनवर सांग." सांगितले.

साडेपाचला कळलं. पाय सुजलेले, अंधुक दिसत होतं. १०८ च्या रुग्णवाहिकेने पुण्याला नेलं.

गुरु. १३
सकाळपासून तेच शोधत बसले. हाताने चालवली की मेल जातो, आपोआप चालली की लॉगिन होत नाही. शेवटी सापडलं. कॉम्प्युटरवर खाती दोन. नवा पासवर्ड मी माझ्या खात्यात टाकला. स्क्रिप्ट चालते 'लॅब' खात्यातून, तिथे जुनाच. सॉफ्टवेअर तिथे पासवर्ड मागत बसलेलं, कुणालाच न दिसणाऱ्या खिडकीत.

एवढं कुणाचंही होईल. पण स्क्रिप्टमधली पुढची ओळ माझी. एरर आला तरी थांबू नको, 'पाठवला' लिही, पुढचा घे. तेव्हा काम उरकायची घाई, आणि...

मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगू, सॉफ्टवेअर बिघडलं होतं."
"नव्हतं बिघडलं, मॅडम."
मग मॅडम म्हणाल्या, "बरं. तूच सांग मग."

शनि. १५
नसरापूरला ST बदलून वेल्हे. डॉक्टरांना सगळं सांगितलं. "मीही फोन करायला हवा होता," म्हणाले. तेवढंच.

तिथून आशाताईंसोबत सुरेखाच्या घरी. तिच्या सासूबाई एकट्याच, अंगणात भात झोडत होत्या.
"तुमी कोन म्हनायच्या?"
सांगितलं. रिपोर्ट माझ्यामुळे दोन दिवस अडकला.
"दोन दिसानं लई फरक पडतुया का?"
आशाताई मध्ये काही बोलणार होत्या. मी म्हटलं, "पडतो, मावशी."
हातातली पेंढी खाली ठेवली त्यांनी. रडल्या नाहीत. "न्हाई सांगितलं असतंस तर आमाला काय कळनार व्हतं?"
त्यांनी चहा टाकला. प्यायले. निघताना मी त्यांच्या मुलाचा, सुरेखाच्या नवऱ्याचा, फोन नंबर मागितला; दिला त्यांनी.

सोम. १७
स्क्रिप्ट बदलली. मेल खरंच बाहेर पडल्याचं बघितल्याशिवाय काही लिहीत नाही. लॉगिन अडलं की थांबते, मोठ्याने वाजते. गंभीर रिपोर्ट आता फोनवरच, समोरच्याने आकडा परत म्हणून दाखवेपर्यंत. फोन लागेपर्यंत मी उठायचं नाही.

दुपारी सुरेखाच्या नवऱ्याला पुण्याला फोन केला. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. बेशुद्ध असलेल्या सुरेखाने आज सकाळी डोळे उघडले, पण कुणाला ओळखत नाही.
एवढं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "तुमी कोन बोलताय?"
"भोरच्या लॅबमधून."
"रिपोर्टवाल्या?"
"हो."
मागे कुणी तरी कुणाचं नाव पुकारत होतं. वाटलं, ठेवला फोन. नव्हता ठेवला.
"आई म्हनली, तुमी घरी येऊन गेला." मग म्हणाला, "उद्या करा फोन. दुपारनंतर."