आकड्यापुरता फोन

कडेगाव,
५ डिसेंबर २०२४

चि. संयोगितास आबांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पावलं. निरनिराळ्या देशांत आजाऱ्यांची माहिती संगणकात कशी ठेवतात, ते तू ताडून पाहतेस, असं मी शेजारच्या नानासोंना ऐटीत सांगितलं. त्यांनी विचारलं, की मग पोरगी डाक्टर हाय का इंजनेर. मला नीट सांगता येईना. तूच कळव.

उसाला तोड आली आहे. दिवसभर रस्त्यानं ट्रॅक्टर चालू असतात. तुझी आई गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय, की तो आवाजही बरा वाटतो.

काल पुन्हा दवाखान्यात गेलो होतो. हेल्थ कार्ड काढताना घरातल्या शिकलेल्या माणसाचा नंबर द्यावा म्हणून मी तुझा दिला, आणि तेव्हापासून ओटीपी तुला येतो नि तू टॅलिनहून फोन करून मला सांगतेस. खिडकीवरची अंकिता हसते. म्हणते, आबांचा ओटीपी लय लांबनं येतो. तुझी मीटिंग मोडली असेल, तर रागावू नकोस.

जिवाला जप, आणि आमच्यावर माया असू दे.
आबा

टॅलिन,
२८ डिसेंबर २०२४

ती. आबांना संयोगिताचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. नानासोंना सांगा, डॉक्टर नाही नि इंजिनिअर नाही, पोरगी नुसती चौकस आहे. इथे एस्टोनियात प्रत्येकाला जन्मतःच एक क्रमांक मिळतो. कुठल्याही गावी गेलं तरी डॉक्टरला मागचं सगळं दिसतं, आणि आपली माहिती कुणी उघडली ते आपल्यालाही दिसतं. डेन्मार्कातही जवळपास तसंच. आपल्याकडे मात्र दर वेळी संमतीचा आकडा सांगा. अहवालात मी त्याला अडचण म्हटलंय. लिहिताना तुम्हीच डोळ्यांसमोर होतात.

आबा, खरं सांगा, दुखतंय काय? सारखे ओटीपी येतायत. रिपोर्ट सगळे चांगले दिसतात, म्हणून जास्तच भीती वाटते. इथे दुपारीच अंधार पडतो, आणि असं काही मनात आलं की बोलायला कुणी नसतं.

काकांच्या विश्वजितला सांगितलंय. तो येऊन कार्डाला तुमचाच नंबर जोडून देईल. मग तुम्हाला माझ्यासाठी खोळंबायला नको.

लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची संयू

कडेगाव,
२२ जानेवारी २०२५

चि. संयूस आशीर्वाद.

वि. वि. विश्वजित आला होता. चहा पाजून परत पाठवला. नंबर बदलू दिला नाही. आबा तुमी लय हट्टी हायसा, असं म्हणून गेला.

मला काही दुखत नाही, पोरी. बीपी तपासतात, ते चांगलं निघतं. तुला घोर लावला याचं वाईट वाटतं. पण आपल्या घरात कामाशिवाय लेकीला फोन करायची रीत नाही, आणि केलाच तर बोलू काय? ऊस, पाणी झालं की मी गप्प, तूही गप्प. दवाखान्यात तसं होत नाही. मी बाकावर बसतो, तुझा फोन येतो. तू आकडे सांगतेस. ऐकू आलं नाही म्हटलं, की पुन्हा सांगतेस. आलेलं असतं. मग जेवलात का म्हणून विचारतेस.

तिकडच्या पद्धती चांगल्याच असतील. पण तिकडच्या बापाला लेकीला काही विचारावंच लागत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुझ्या अहवालात काय लिहायचं ते लिही. नंबर तेवढा तुझाच राहू दे.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी दवाखान्यात जाणार आहे, तोवर हे पत्र तुला पोचेल. तब्येत ठणठणीत आहे, काळजी करू नकोस, पण फोन जवळ ठेव.

तुझा,
आबा