‘तिवरबेट’ हा एकच शब्द आहे, याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी साहेब,
खाडीपट्टा घरगुती उद्योग नोंदणी कक्ष,
पनवेल, जि. रायगड.

विषय : मौजे तिवरबेट येथील सात उत्पादकांची रद्द केलेली नोंदणी पुन्हा चालू करून चूल पेटवण्याची मुभा मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमचा अर्ज, दि. ४ ऑक्टोबर १९९३.
२) आपली नोटीस, दि. १७ जानेवारी १९९४.

अर्जदार : कु. माधुरी काशिराम मोकल, वय १९, रा. तिवरबेट.

महोदय,

१. अर्जदार नम्रपणे सादर करते की, तिवरबेट हे चारी बाजूंनी खाडीचे पाणी असलेले गाव असून तेथे सात घरे आहेत व होडीशिवाय जाता येत नाही. सातही घरांत हाताने होईल तेवढाच माल बनतो. दादूकाका दोन वाफ्यांचे मीठ काढतात. गोदूमावशी जवळा सुकवून चटणी कुटतात. आणि भीमाबाई आमच्याच खारजमिनीतल्या लाल भाताचे पोहे करतात, दिवसाला एकच घाणा, कोणी कितीही मागितले तरी दुसरा नाही, कारण त्या म्हणतात दुसऱ्या घाण्याला हात दमलेला असतो आणि ते खाणाऱ्याला कळतं.

२. या सर्वांची नोंदणी होऊन पनवेलच्या प्रदर्शनात जागा मिळावी म्हणून संदर्भ १ चा अर्ज करण्यात आला. त्यात गावाचे नाव ‘तिवरांचे बेट’ असे लिहिण्यात आले.

३. साहेब, पाण्यातलं असतं ते बेट आणि बांबूचं असतं तेही बेटच. आपल्या कार्यालयाने दुसरं धरलं. नोव्हेंबरात आपलं पत्र आलं की सदर बेटात झाडे किती आणि त्यात माणसे किती काम करतात. अर्जदाराला वाटलं सरकारला झाडांची काळजी आहे, म्हणून अर्जदाराने गुडघाभर चिखलात फिरून तिवरं मोजली आणि उत्तर धाडलं, झाडे दोनशे बारा, माणसे एकतीस, सर्वजण व्यवस्थित मावतात. मग डिसेंबरात आपले तपासनीस आले, तेव्हा नेमकी ओहोटी होती, होडी चिखलात बसलेली, म्हणून त्यांनी अलीकडच्या बांधाजवळचीच तिवरं बघितली आणि अहवाल दिला की सदर बेटात एकही उद्योजक आढळला नाही, दोन शेळ्या आढळल्या. त्यावरून नोटीस निघाली, की खोटा पत्ता दिल्यामुळे नोंदणी रद्द, आणि झाडांच्या बेटात पेटवलेली चूल ताबडतोब विझवावी.

४. आमच्या टायपिंगच्या सरांनी शिकवलंय की अर्जात ‘मी’ लिहायचं नाही, अर्जदार लिहायचं आणि ‘करण्यात आले’ असं लिहायचं. पण साहेब, ते लिहिण्यात वगैरे आलं नाही, ते मी लिहिलं. आणि ते चुकून पण झालं नाही. घरून निघताना भीमाआजी, म्हणजे वर लिहिलेल्या भीमाबाईच, होडीपर्यंत आली होती आणि मला म्हणाली होती, “नाव जसं हाय तसंच लिव गो, त्याला पावडर नको लावू.” मी हो म्हटलं. मग क्लासात अर्ज टाइप करायला बसले तर शेजारच्या मशीनवर चारुता होती, ती पनवेलचीच, तिचे बाबा बँकेत आहेत, तिने वाकून वाचलं आणि जोरात म्हणाली, “तिवरबेट? अगंबाई, तिथे माणसं राहतात की खेकडे?” सगळा क्लास हसला. मी पण हसले. ते मला आता रोज आठवतं, की मी पण हसले. मग मी कागद काढला, नवीन घातला आणि ‘तिवरांचे बेट’ असं टाइप केलं, धड्यातल्यासारखं, छान वाटलं वाचायला. चारुता म्हणाली, “हां, हे कसं शुद्ध वाटतं.” मला इतका आनंद झाला साहेब, की मी घरी येईपर्यंत तेच मनात म्हणत होते.

५. नोटीस आली ती मीच सगळ्यांना वाचून दाखवली. दादूकाका म्हणाले, “सरकारला वाचता येत नाय वाटतं.” सगळ्यांनी ऑफिसला नावं ठेवली आणि मी मान हलवत बसले. त्या दिवशी भीमाआजीचा भात पोह्यांसाठी दोन दिवस भिजलेला होता, तिसऱ्या दिवशी भाजायचा होता. मी म्हटलं, आजी, एवढा घाणा करून घे, कोण बघतंय. ती म्हणाली, “कागदावर नाय म्हटलंय ना? मग नाय.” तिने निखाऱ्यांवर पाणी ओतलं, चूल हाताने फोडली, पुन्हा मोह नको म्हणून. भात आंबला, तो तिने खाडीत सोडला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात आली, तिच्या आदल्या घाण्यातले पोहे पुरचुंडीत बांधून. मला म्हणाली, “तू आमच्यासाठी किती खपतेस गो पोरी, तुला ठेवलेत.” मी ते घेतले. मला सांगता आलं नाही. मला ते खाताही आले नाहीत, दहा-बारा दिवस डब्यात आहेत, डबा दिसला की मी दुसरीकडे बघते.

६. तरी माझी विनंती अशी की, गाव खोटं नाही, लोक खोटे नाहीत, फक्त मी नावाची लाज धरली. नोंदणी त्यांना परत द्यावी. नाव तिवरबेट असं एकत्र, मध्ये जागा न सोडता लिहावं. आपले तपासनीस साहेब पुन्हा येणार असतील तर भरतीला यावेत, मी स्वतः होडी घेऊन बांधावर उभी राहीन. प्रदर्शनात माल मांडायला माझं नाव दिलंय, ते कापावं, मी येणार नाही. आणि चुलीचं तेवढं लवकर लिहून द्यावं. आजी कागद आल्याशिवाय माती कालवणार नाही, आणि भात फार दिवस तसाच राहिला तर तिच्या मते पोहे चिवट होतात.

७. हा अर्ज मी हाताने लिहिला आहे. टाइप केला असता तर क्लासात करावा लागला असता.

आपली चुकलेली व क्षमा मागणारी,
माधुरी काशिराम मोकल
तिवरबेट, दि. २ फेब्रुवारी १९९४

सोबत :
१) नोटिशीची नक्कल.
२) सातजणांच्या सह्या व अंगठे.
३) पोहे, एक पुरचुंडी. यास कृपया लाच समजू नये. हा भीमाबाईंच्या मालाचा नमुना आहे, आणि माझा त्यावर हक्क नाही.

ता. क. : अंगठे घेण्याआधी हा अर्ज काल मी सगळ्यांसमोर पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. चौथ्या कलमाला बाबा उठून बाहेर गेले. गोदूमावशी म्हणाली, “खेकडे म्हणाली काय ती? आन् तू हसलीस?” मी हो म्हटलं. मग दादूकाका म्हणाले की त्या दोन शेळ्या आपल्याच गावातल्या धर्मराजच्या, निदान त्यांची तरी नोंद झाली. कोणीतरी हसलं. भीमाआजी हसली नाही. तिने फक्त विचारलं, गावाचं नाव कुठं लिवलंस ते दाव. मी विषयाच्या ओळीत बोट ठेवलं. माझं बोट बाजूला करून तिने तिथेच अंगठा उठवला.

त्यामुळे विषयातील नावावर शाई दिसते. ती खाडाखोड समजू नये.