कॉम्प्युटरला मिळालेली खोली

शनिवार, ५ मे २००१

डोकं अजून तापलेलं आहे. आमच्या कसब्यातल्या वाचनालयात मुलांसाठी एकच खोली. सोमवारी कार्यवाहांनी तिथे कॉम्प्युटर ठेवला आणि मुलांच्या पुस्तकांसकट खोलीला कुलूप घातलं. तेही ऐन मे महिन्याच्या सुट्टीत!

आज दहा वर्षांची सुजाता वडिलांबरोबर बिबवेवाडीहून आली. दोन बस बदलून. तिचं अर्धं वाचलेलं पुस्तक आतच अडकलेलं. मी इथली ग्रंथपाल, तरी किल्ली कार्यवाहांकडे मागावी लागली.

"अहो बाई, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही."

"मग मुलं म्हणजे काय धूळ आहेत?"

"आता सगळं इंटरनेटवर येणार. पुस्तकं कोण वाचणार आहे?"

इंटरनेट! आमच्याकडे साधा फोन नाही. आठवडाभरात तो कॉम्प्युटर एकदाही सुरू झालेला नाही. कार्यवाह रोज त्याचं मखमली कव्हर तेवढं झटकतात.

सुजाता हळूच म्हणाली, "चला पप्पा, दिवाळीच्या सुट्टीत येऊ."

ते ऐकलं आणि राहवेना. कार्यवाहांच्या टेबलावरची किल्ली उचलली, कुलूप उघडलं. व्हरांड्यात ताटकळलेली आणखी पाच मुलंही चपला घालूनच आत घुसली. कार्यवाह ओरडत राहिले. मखमली कव्हरवर कुणीतरी दप्तर ठेवलं. ठेवू दे.

माझं चुकलं का? विचारून काय उपयोग, या नोकरीत वीस वर्षं स्वतःला तेच विचारते आहे. सुजाता पुस्तक संपवूनच उठली. तोवर तिचे पप्पाही मुलांचं एक पुस्तक वाचत भिंतीला टेकून रमले होते, त्यांनाच हाक मारून उठवावं लागलं.

सोमवारी समितीसमोर बोलावलं आहे. माफी मागायची नाही, एवढं नक्की.