टेसाचे शनिवार

प्रिय मार्लीन,

गुडघा बरा आहे. शिडीवर मी चढत नाही, हाताखालची पोरंच चढतात. तू वेळेवर जेवतेस ना?

शाळेतल्या हुशार मुलांच्या त्या ऑनर सोसायटीच्या समाजसेवेपायी आपल्या टेसाचं शनिवारी आंधळ्या म्हाताऱ्या ह्रुस्काला बेसबॉलच्या बातम्या वाचून दाखवणं सुटणार, हे तुझ्या पत्रातून कळलं. आम्ही छप्पर घालतोय त्या घराची मालकीण पूर्वी कॉलेजात प्रवेशाचे अर्ज तपासायची. काल छपरावरूनच (एकदाच चढलो होतो) तिला विचारलं, सोसायटीनं प्रवेश मिळतो का?

"अहो, निम्म्या अर्जांत तेच नाव असतं. पोरीनं स्वतः काय केलं ते आम्ही बघायचो."

तर सोसायटीत खुशाल जाऊ दे, पण सेवा म्हणून ह्रुस्काला वाचून दाखवणंच धरा म्हणावं. फक्त ही सेवा आहे हे म्हाताऱ्याला कळू देऊ नका. तो समजतो, आपणच पोरीला बेसबॉल शिकवतोय.

तुझाच,
वेन