पदकामागचं नाव

केंब्रिज
बुधवार, ४ मार्च २०२६

ती. आशाताईंना सा. न.

भाजणी पोचली. थालीपीठं सियाने एकटीने फस्त केली. स्लाऊच्या गारठ्यात तुमचा गुडघा कुरकुरत असेल, शेकत जा. तुमचा धाकटा भाऊ संजय मजेत आहे, जरा जास्तच.

त्याने बाजारातून एक जुनं फ्रेंच पदक आणलंय. ब्राँझचं, पुढे सूर मारणारी मुलगी. विकणारा सांगत होता, शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे अशी पदकं ढिगाने पाडत. गावोगावचे क्लब ती विकत घेत आणि मागच्या कोऱ्या जागेवर जिंकणाऱ्याचं नाव कोरून घेत. ह्याच्यावर नाव नव्हतं. शर्यतच झाली नसेल, किंवा जिंकणारी घ्यायला आली नसेल, म्हणाला. संजय हसला. मला नाही हसू आलं.

आता नाव आहे. 'सिया', आणि खाली येत्या रविवारची तारीख. आईंनी मला दिलेल्या पितळी डब्यावर तुमच्या शशीदादाचं नाव आणि तो गेला ती तारीख आहे, अगदी तसंच. मी पदक नावाची बाजू खाली करून ठेवते, तो पुन्हा वर करतो.

सियाच्या पोहण्याच्या क्लबने थंडीत मुलांना नदीत सोडायला नकार दिला, तर हा स्वतःच शर्यत लावतोय. ह्या पुलापासून त्या पुलापर्यंत, आणि पोहणारी एकटी सिया. तिला घेऊन कुठेतरी निघून जावं म्हटलं, तर तीच येत नाही. बाबांना खूश करायचंय ना.

गेल्या रविवारी सराव झाला. तिचे ओठ निळे पडले होते. मी बास म्हटलं तर म्हणाला, "अनु, अण्णांनी शशीदादाला असंच तलावात उतरवून चॅम्पियन केलं. तापाने गेला नसता तर कुठच्या कुठे पोचला असता." मी सियासाठी टॉवेल उघडला. दादा तापाने गेला की नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे.

अंग पुसताना सिया म्हणाली, "आई, नंतर कोल्ड वाटलाच नाही. मला फक्त झोप येत होता."

ताई, फोनवर हा विषय काढला की तुम्ही भाजणीचं प्रमाण सांगायला लागता, म्हणून कागदावर लिहिते. मला फार भीती वाटतेय. जाण्याआधी आईंनी मला सगळं सांगितलं. ताप नव्हताच, शशीदादा तलावातच गारठून गेला. तुमचे वडील "अजून एक फेरी" म्हणत राहिले, आणि शेजारी टॉवेल घेऊन तुम्ही उभ्या होतात. संजय तेव्हा पाळण्यात. अण्णांची लाज झाकायला घराने ताप सांगितला, आणि तोच खरा धरून हा मोठा झाला.

तुम्ही लहान होतात, तुम्हाला कोण दोष देईल? पण हे माझ्या तोंडून ऐकलं तर तो म्हणेल, बायको माझ्या गेलेल्या वडिलांवर आळ घेतेय. तुमचा शब्द त्याने कधी खाली पडू दिलेला नाही. शनिवारी या. त्याला समोर बसवा आणि शशीदादा कसा गेला ते सांगा.

नाही आलात, तर रविवारी तुमच्या जागी मी उभी असेन.

तुमची
अनुराधा