पावणेदोन तासांवर दुबई

जोहे, ५ जुलै २०२५

प्रिय फरझानास मालूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तू रोह्यात खुशाल असशील. इथे गणपतीच्या कारखान्यात रंगकाम जोरात आहे. मोठी बातमी अशी, की सुरभीला नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला आता विमानात बसू नको म्हणून सांगितलं. मग माहेरच दुबईला जाणार! जावयांनी, रितेशनी, व्हिसा पाठवलाय.

मी घाबरले होते गो. पण विमानांचं वेळापत्रक स्वतः वाचलं. मुंबईहून सकाळी दहाला निघतं, दुबईला पावणेबाराला पोचतं. पावणेदोन तास! तुझ्याकडे रोह्याला यायलाही तेवढेच लागतात. म्हणून सुरभीला कळवलंय, की कळा सुरू झाल्या की फोन कर, मी निघते. पहिलटकरणीला बारा तास सहज जातात. ह्यांच्या शेवटच्या वेळी मी रस्त्यातच होते. या वेळी उशीर करायचा नाही.

तोवर इथल्या दोनशे मूर्तींचे डोळे आखून होतील. हे गेल्यापासून डोळ्यांचा ब्रश मी कुणाच्या हाती दिलेला नाही.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी मालू


रोहा, ८ जुलै २०२५

मालू गो, सलाम आणि दुवा.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. आमचे मन्सूर वीस वर्षं तिकडे नोकरी करून आलेत. ते म्हणाले, की मालूबाई विमानाला एस.टी. समजल्यात, हात केला की थांबायला!

अगो, दुबईचं घड्याळ आपल्या मागे दीड तास हाय. तिथले पावणेबारा म्हणजे आपला सव्वा. नुसते आकाशातच सव्वातीन तास! एकोणीसशे किलोमीटर हाय ते. त्याआधी तीन तास विमानतळावर हजर राहायचं, त्याआधी जोह्याहून मुंबई गाठायची, उतरल्यावर रांगेत उभं राहायचं. तेही त्याच दिवसाचं तिकीट मिळालं तर. तोवर तुझं नातवंड रांगत येईल तुला घ्यायला.

ब्रश चंद्रावतीला दे. नणंद हाय तुझी, भावाचाच हात असेल तिला. देव आठ दिवस डोळे मिटून थांबतील, पोर थांबायचं नाय. पत्र मन्सूरच्याच हाती पाठवतेय. ते पेणला नेऊन तुझं तिकीट काढतील. त्यांच्यासमोर नाय म्हणू नकोस.

माया ठेव, नायतर भांडायला येईन.

फरझाना


दुबई, २३ जुलै २०२५

प्रिय फरझानास आजीबाईंचा नमस्कार!

काल मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. नाक आमच्या घरचं, आवाज मात्र तुझा.

विमानात मला खिडकी मिळाली. खाली तासन्‌तास समुद्रच. हे असते तर खिडकी त्यांना दिली असती, आणि त्यांनी ती परत मला दिली असती. मनगटावरचं घड्याळ मी बदललं नव्हतं. उतरले तेव्हा सव्वा वाजला होता, अगदी तुझ्या हिशोबाने.

चंद्रावतीने मूर्तींचे फोटो पाठवलेत. डोळे जरा मोठे काढतेय. छान दिसतात, असं मी तिला कळवलं.

सुरभीला काल सकाळी नऊला कळा सुरू झाल्या आणि दुपारी दोनला बाळ आलं. पाच तास गो! तेवढ्यात मी फार तर विमानतळाच्या दारात असते. इथे आत एकालाच सोडतात. सुरभीने रितेशना बाहेर थांबायला सांगितलं आणि माझा हात धरला, तो बाळ रडेपर्यंत सोडला नाही. हातावर तिच्या नखांचे चार वण उठलेत. नर्सने मलम दिलं. मी अजून लावलेलं नाही.

मन्सूरभाईंना सलाम. तुझा लोभ आता आम्हां तिघींत वाटून दे.

मालू